‘कावळा’ म्हणू न शकणारा मुलगा आणि त्याच्या शिक्षिकेचा प्रश्न

वाचकांचे प्रश्न : शिक्षण आणि व्यवसाय

प्रश्न

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

मी गुहागर तालुक्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत गेली 11 वर्षे इंग्रजी शिकवते. माझे वय 35 आहे. बारावी कला शाखेतून केली, नंतर इंग्रजीत एम. ए. आणि मग बी. एड. केले. दोन वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गात एक मुलगा आला. तो ‘क’च्या जागी ‘त’ आणि ‘ग’च्या जागी ‘द’ म्हणत असे. कावळ्याचा ‘तावळा’ आणि गाडीची ‘दाडी’ व्हायची, आणि इंग्रजी वाचताना ‘कॅट’चेसुद्धा ‘तॅट’ व्हायचे. गणपतीला मुंबईहून आलेले नातेवाईक त्याच्याकडून मुद्दाम तेच शब्द वदवून घेत आणि हसत. मी त्याला रोज मधल्या सुट्टीत बसवून ‘क म्हण, पुन्हा म्हण’ असे करून घेतले. चार महिन्यांत ‘क’ तर आला नाहीच, उलट त्याने वर्गात हात वर करणेच सोडले. शेवटी त्याच्या आईबरोबर मी मुंबईला गेले. तिथल्या वाचा-उपचारतज्ज्ञांनी पहिला अर्धा तास त्याला बोलायला लावलेच नाही, केवळ चित्रे मांडून बोट दाखवायला सांगितले. मला वर्षभरात जे कळले नव्हते ते त्यांना त्या तासाभरात कळले. आज तो मुलगा नीट बोलतो.

तेव्हापासून हेच काम आपण करावे, असे मला तीव्रतेने वाटते. इंग्रजीच्या शिक्षिकांनी दोन-चार पूर्वतयारीचे विषय पूर्ण करून थेट पदव्युत्तर पदवी घेतली आणि त्या स्पीच थेरपिस्ट झाल्या, असे परदेशातील अनुभव मी वाचले आहेत. मला ते शक्य आहे का? पतीचा व्यवसाय इथेच आहे आणि मुलगी तिसरीत आहे. कायम नोकरी सोडण्याचा निर्णय घ्यावा का?

– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य शेवटच्या प्रश्नात नाही, तर ‘त्याला बोलायला लावलेच नाही’ या निरीक्षणात आहे. हे तुम्ही टिपले म्हणूनच मी तुमच्या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहते. त्या अर्ध्या तासात नेमके काय चालले होते, ते आधी सांगते, कारण हा व्यवसाय तुमच्या सध्याच्या व्यवसायाहून कुठे वेगळा आहे, हे त्यातच दिसते.

‘क’ आणि ‘ग’ उच्चारताना जिभेची मागची बाजू मऊ टाळूला टेकते, तर ‘त’ आणि ‘द’ उच्चारताना जिभेचे टोक दातांमागे टेकते. तुमचा विद्यार्थी मागचे सगळे काम पुढे आणत होता. दोन-अडीच वर्षांची अनेक मुले असेच बोलतात आणि बहुतेकांचे ते साधारण चौथ्या वर्षापर्यंत आपोआप सुटते. दहा-अकरा वर्षांच्या मुलात ते टिकून असेल, तर पहिला प्रश्न जिभेचा नसून कानाचा असतो. ‘काप’ आणि ‘ताप’ यांतला फरक त्याला ऐकू येतो का? सुरणाच्या कापांचे एक चित्र आणि अंथरुणावर तापाने पडलेल्या मुलाचे दुसरे चित्र समोर ठेवले आणि आपण म्हटलेल्या शब्दावर त्याने दर वेळी अचूक बोट ठेवले, तर ऐकण्याची बाजू ठीक आहे आणि अडचण उच्चाराच्या सवयीत आहे, असे समजायला आधार मिळतो. तो गोंधळला, तर आधी श्रवण-तपासणी आणि ध्वनी ओळखण्याचा सराव करावा लागतो. टाळू आणि जीभही पाहावी लागते, कारण वरून अखंड दिसणाऱ्या टाळूच्या आतला स्नायू कधी कधी दुभंगलेला असतो. हे सारे झाल्यावरच ‘क’ काढायला शिकवले जाते. काही मुलांना पाण्याची गुळणी करताना घशाशी जो स्पर्श जाणवतो तिथून सुरुवात करून देतात, काहींच्या जिभेचे टोक चपट्या काडीने हलकेच खाली धरून ठेवतात. मग सुटे अक्षर, शब्द, वाक्य, गोष्ट आणि अखेरीस घरातले बोलणे, अशा पायऱ्या येतात. शेवटच्या पायरीला सर्वांत जास्त वेळ लागतो. ‘क म्हण, पुन्हा म्हण’ या सरावात मुलाला केवळ आपण पुन्हा चुकलो एवढेच कळत राहते आणि जीभ कुठे न्यायची हे कुणीच सांगत नाही. तुमचा हेतू निर्मळ होता, त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका. पण मुलाने हात वर करणे का सोडले, याचे उत्तर मात्र तिथेच आहे.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे वळते. इथे मला स्पष्ट बोलावे लागेल, कारण या बाबतीत गोड गैरसमजामुळे लोकांची वर्षे वाया गेलेली मी पाहिली आहेत.

तुम्ही वाचलेले परदेशातील अनुभव खरे आहेत, परंतु ते त्या देशांच्या व्यवस्थेतले आहेत. अमेरिकेत या व्यवसायाचे दार पदव्युत्तर पदवीशी उघडते. पहिली पदवी इंग्रजीची असली तरी शरीररचना, ध्वनिशास्त्र, श्रवणशास्त्र, भाषाविकास असे पूर्वतयारीचे विषय पूर्ण करून तिथे प्रवेश मागता येतो. ब्रिटनमध्येही अन्य विषयांच्या पदवीधरांसाठी सुमारे दोन वर्षांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. भारतात दार पदव्युत्तर पातळीवर नसून बारावीनंतर लगेच आहे. आपल्याकडे बी.ए.एस.एल.पी. ही श्रवणशास्त्र आणि वाचा-भाषा विकृतिशास्त्राची पदवी चार वर्षांची असते, त्यातले शेवटचे वर्ष आंतरवासितेचे (इंटर्नशिपचे) असते, आणि एम.एस्सी.ला प्रवेश मिळण्यासाठी हीच किंवा हिच्याशी समकक्ष पदवी लागते. इंग्रजीतील एम. ए. तिथे उपयोगी पडत नाही. मुळात बी.ए.एस.एल.पी.साठी बारावीला विज्ञान शाखेचे विषय असावे लागतात, आणि महाराष्ट्रात आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतात, म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांतून सुटका नाही.

तुमची बारावी कला शाखेची आहे. त्यामुळे आधी राष्ट्रीय मुक्त विद्यालयासारख्या मंडळातून विज्ञानाचे विषय, मग नीट, मग चार वर्षे मुंबई किंवा पुण्यात, असा तुमचा मार्ग असेल. तयारी धरून सहा वर्षे सहज जातील. नीटसाठी आता वयाची वरची मर्यादा नाही, त्यामुळे वय आड येणार नाही. तरीही या वाटेने जायचे ठरवलेत, तर मुक्त विद्यालयातून स्वतंत्रपणे दिलेले विषय त्या वर्षीच्या प्रवेशाला ग्राह्य आहेत की नाहीत, हे पुस्तके विकत घेण्याआधी प्रवेश नियंत्रण कार्यालयाकडून लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर एक पाऊलही टाकू नका.

याला जवळची वाट म्हणून तुम्हाला दोन गोष्टी सुचवल्या जातील. श्रवण, भाषा आणि वाचा या विषयाची एक वर्षाची पदविका आहे, परंतु तिलाही बारावी विज्ञान लागते आणि ती घेतलेली व्यक्ती तंत्रज्ञ किंवा सहायक म्हणून काम करते. दुसरी गोष्ट अधिक धोक्याची आहे. काही आठवड्यांत घरबसल्या ‘स्पीच थेरपी’चे प्रमाणपत्र देणारे वर्ग पावलोपावली निघाले आहेत. त्यांच्या आधारे पाटी लावता येत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेच्या 1992च्या कायद्यानुसार मान्यताप्राप्त पात्रता आणि केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव असल्याशिवाय पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करणे हा गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. पण शिक्षेपेक्षा मला त्या मुलांची काळजी अधिक वाटते. आपल्याकडे आलेले बोलत नसलेले मूल बहिरे आहे, स्वमग्न आहे, की त्याचा केवळ भाषाविकास उशिरा होतो आहे, हे ओळखता न आल्यामुळे वर्ष-दीड वर्ष ‘व्यायाम’ घेत राहणाऱ्या माणसाने त्या मुलाचा जो काळ घालवला, तो कुणालाही परत देता येत नाही. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाची चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचाराची सुरुवात सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी, असा जगभर मानला जाणारा दंडक आहे. त्यावरून या कामात एकेका महिन्याची किंमत काय असते, याची कल्पना यावी.

मग तुमच्यासाठी काय उरते? माझ्या मते पुष्कळ उरते. मात्र तुम्हाला ‘स्पीच थेरपिस्ट’ हे नाव हवे आहे, की त्या मुलासारख्या मुलांबरोबरचे काम हवे आहे, याचे उत्तर तुम्ही आधी स्वतःला द्यायला हवे. काम हवे असेल, तर बी. एड. विशेष शिक्षण हा दोन वर्षांचा, पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम तुमच्या पदवीवर करता येतो. त्यात श्रवणदोष, अध्ययन अक्षमता, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता अशी विशेषीकरणे असतात, आणि श्रवणदोषाच्या अभ्यासक्रमात वाचा, भाषा आणि ऐकण्याचे प्रशिक्षण यांचा बराच भाग येतो. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या क्षेत्रातील जुनी आणि भरवशाची जागा आहे. तिथले माहितीपत्रक मागवण्यापेक्षा एकदा प्रत्यक्ष जाऊन दिवसभर बाह्यरुग्ण विभागाबाहेर बसा, अशी माझी सूचना आहे. त्या बाकावर मुलांना घेऊन बसलेल्या आयांकडे पाहून निर्णय बराच सोपा होईल. हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर तुमची नोंदणी विशेष शिक्षक म्हणून होईल, वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून नव्हे. ही मर्यादा मनापासून मान्य असेल, तरच या मार्गाने जा.

भाषाशास्त्रातील एम. ए.चा विचारही तुमच्या मनात येईल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात तो विषय उत्तम शिकवला जातो आणि इंग्रजीच्या विद्यार्थ्याला त्यात फार परके वाटत नाही, पण त्याने उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही, एवढे ध्यानात असू द्या.

तुमच्यापाशी आज काय आहे, याबद्दलही लिहायला हवे. ध्वनींचे वर्गीकरण, स्वराघात, ‘शिप’ आणि ‘शीप’सारख्या जोड्या तुम्ही वर्षानुवर्षे शिकवत आला आहात. उपचारात ‘गार’ आणि ‘दार’, ‘कार’ आणि ‘तार’ अशाच जोड्या लागतात. कठीण गोष्ट लहान पायऱ्यांत मोडणे तुम्हाला जमते, पालकांशी बोलणे जमते. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वीस वर्षांच्या मुलांना हे शिकायला फार वेळ लागतो. मात्र एक गोष्ट तुम्हाला सोडावी लागेल, आणि शिक्षकांना ती सर्वांत जड जाते. ती म्हणजे कानावर पडलेला प्रत्येक वेगळा उच्चार दुरुस्त करण्याची सवय.

वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून माझ्या सुरुवातीच्या काळातील एक प्रसंग सांगते. वेंगुर्ल्याजवळच्या एका शिबिरात साडेतीन वर्षांच्या मुलीला मी चित्रे दाखवत होते. तिने आंब्याला ‘आंबो’ आणि कावळ्याला ‘कावळो’ म्हटले, आणि मी प्रमाण मराठीच्या यादीशी ताडून दोन्हीपुढे चुकीची खूण केली. तिची आई शेजारी बसली होती. ती शांतपणे म्हणाली, ‘‘बाय, आमच्या घरात आंबोच म्हणतत.’’ त्या दिवशी मी ती संपूर्ण तपासणी रद्द करून मालवणीतून पुन्हा केली, आणि त्या मुलीत कोणताही दोष निघाला नाही. ‘माका व्हया’ म्हणणाऱ्या मुलाची भाषा अपुरी नसते. अलिबाग-उरणच्या किनाऱ्यावर आगरी-कोळी घरातले मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते, तेव्हा त्याला ‘ण’ येत नसतो असे नाही, तर त्याच्या घराच्या बोलीचा तोच नियम असतो. तुमच्या विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी होती, कारण त्याच्या घरात कुणीच ‘तावळा’ म्हणत नव्हते. बोलीचा वेगळेपणा आणि वाचेचा दोष यांतली ही सीमारेषा ज्याला दिसते, तोच आपल्या किनाऱ्यावर हे काम नीट करू शकतो. एका खाडीकडून दुसऱ्या खाडीकडे गेले की इथे बोली बदलते, त्यामुळे इथल्या माणसांची आम्हाला फार गरज आहे.

गरज केवळ उच्चारांपुरती नाही, हेही तुम्हाला ठाऊक असावे. लहानपणी केव्हा तरी तोतरेपणा येणाऱ्या मुलांचे प्रमाण सुमारे 5 टक्के मानले जाते. त्यांतील बहुतेकांचा तो जातो आणि मोठेपणी सुमारे 1 टक्का लोकांत राहतो. पक्षाघाताच्या झटक्यानंतर साधारण एक तृतीयांश रुग्णांना वाचाघात होतो. त्यांचा हात चालू लागतो, पण ‘पाणी’ हा शब्द सापडत नाही, आणि घरचे त्यांना वेड लागले असे समजतात. पक्षाघातानंतर नीट गिळता न येणे, घास श्वासनलिकेत जाणे, हेही आमच्याच कामात येते. तुमच्या मनात केवळ मुले आणि शब्द असतील, तर नळीने अन्न घेणाऱ्या आजोबांच्या खाटेशी बसायची तयारी आहे का, हेही स्वतःला विचारा. चार वर्षांच्या पदवीत शरीररचना, मज्जासंस्था, ध्वनीचे भौतिकशास्त्र आणि संख्याशास्त्र असते ते याचसाठी.

नोकरीबद्दल विचारलेत म्हणून सांगते : आज राजीनामा देऊ नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शासकीय आणि अनुदानित शाळांत तपासणीसाठी येतात. त्या दिवशी तुमच्या शाळेतील ज्या मुलांच्या बोलण्याबद्दल वा ऐकण्याबद्दल शंका आहे, त्यांची नावे आणि नेमकी निरीक्षणे लिहून तयार ठेवा. ‘नीट बोलत नाही’ असे लिहू नका, ‘शब्दाच्या सुरुवातीला क नाही, शब्दाच्या शेवटी कधी कधी येतो’ असे लिहा. पुढे ते मूल जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले गेले, तर त्याच्याबरोबर एकदा तरी जा. दापोलीचे असो वा देवगडचे, आपल्याकडच्या पालकांना महिन्यातून एकदा तज्ज्ञांकडे जाणेसुद्धा अवघड असते, आणि मधल्या तीस दिवसांत घरी काय होते यावरच सारे अवलंबून राहते. ते तीस दिवस सांभाळणारी शिक्षिका गावात असेल, तर तज्ज्ञाच्या एका भेटीचे मोल कितीतरी वाढते. दोन वर्षे असे काम करून पाहा. त्यानंतरही विशेष शिक्षणाची ओढ तितकीच राहिली, तर दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी रजेचा अर्ज करताना तुमच्या हाती वीस-पंचवीस मुलांच्या नोंदी असतील.

प्रश्न

माझे वय 26 आहे. बारावी विज्ञान शाखेतून जीवशास्त्रासह 61 टक्क्यांनी उत्तीर्ण झाले, पण वैद्यकीयला जायचे नव्हते म्हणून इंग्रजीत बी. ए. केले. सध्या मालवण येथे खाजगी शिकवणीत इंग्रजी शिकवते. वाचा-उपचाराची पदवी घ्यावी असे मनात आहे. घरचे म्हणतात, तिशीपर्यंत विद्यार्थीच राहणार का?

– एक वाचक, मालवण

उत्तर

तुमची परिस्थिती वरच्या पत्रातील भगिनींहून अगदी वेगळी आहे, आणि तुम्हाला मी निःसंकोचपणे ‘जा’ म्हणेन. तुमच्याकडे बारावीचे जे विषय आहेत, तेच या दाराची किल्ली आहेत. येत्या वर्षी नीट द्या. भौतिकशास्त्राचा सराव सुटला असेल, तर आजपासून रोज दोन तास त्याला द्या, इतर दोन विषय तुमचे तुम्हाला आठवतील. मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेल्या महाविद्यालयात आणि वांद्र्याच्या राष्ट्रीय संस्थेत, पुण्यात भारती विद्यापीठात हा अभ्यासक्रम आहे. मैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था या विषयात देशात अग्रगण्य मानली जाते आणि तिची प्रवेशप्रक्रिया स्वतंत्र असते. प्रत्येक ठिकाणचे शुल्क, वसतिगृह आणि वयाची अट त्या-त्या माहितीपत्रकात पाहा, शासकीय आणि खाजगी शुल्कात फार मोठे अंतर असते.

घरच्यांना सांगा, चौथे वर्ष आंतरवासितेचे असल्याने त्या वर्षी तुम्ही रुग्णांमध्येच काम करत असाल. पदवीनंतर पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झाली की रुग्णालय, विशेष शाळा, श्रवणयंत्र केंद्र किंवा स्वतःचे दालन, असे सर्व मार्ग मोकळे होतात. एम.एस्सी. लगेच केलीच पाहिजे असे नाही. परत येऊन मालवणात काम करायचे असेल, तर एक गोष्ट आत्ताच ध्यानात ठेवा. आंब्याच्या दिवसांत बागायतदारांची कुटुंबे येत नाहीत, आणि 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात कोळी-गाबीत वस्तीतले वडील मुलांना घेऊन स्वतः येतात, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. पाऊस कोसळत असला तरी ते दोन महिने दालन बंद ठेवू नका.